खाली बांधलेली साखळी

मित्रांनो, गोठ्यातल्या मधल्या खांबाला, मेढीला, अडकवलेली, गंजाने तांबूस झालेली एक जाड साखळी तुम्ही येता-जाता पाहता. कधी झोका घ्यायला म्हणून मला ओढता आणि हात तांबडे झाले की मलाच नावं ठेवता. ठेवा बापडे. मी जुनी आहे, जड आहे आणि आता फारशी कुणाच्या कामाची नाही, हे मला ठाऊक आहे. पण एके काळी या साऱ्या पट्ट्यात माझ्याएवढं नाव असलेली साखळी नव्हती, आणि माझ्याएवढी बदनाम झालेलीही दुसरी नव्हती. हे दोन्ही कसं घडलं ते आज सांगते.

माझा जन्म पुलगावचा. तिथे हिरालाल लोहाराची भट्टी होती. तो लोखंडी गज लालबुंद तापवी, वाकवून त्याची कडी करी आणि दोन्ही टोकं घणाने ठोकून एकजीव करी. त्याची बायको भाता ओढत असे. कडी निवली की हिरालाल ती दगडावर आपटे आणि कान देऊन आवाज ऐके. आवाज मनासारखा आला नाही की ती पुन्हा विस्तवात. एवढ्या वेळात दुसरा लोहार चार विळे करून मोकळा होतो, असं गिऱ्हाइकं त्याला तोंडावर सांगत. तो हसे आणि पुन्हा आपटून पाही. अशी मी तेरा हात लांब तयार झाले, एका टोकाला मोठं कडं आणि दुसऱ्या टोकाला आकडा.

मला करवून घेतलं ते बापूजींनी. आर्वीच्या पलीकडे, जंगलाला लागून त्यांचं गाव. जंगलाच्या ज्या तुकड्यात तोड चालते त्याला कूप म्हणतात. कूपात तोडलेल्या सागाचे, ऐनाचे ओंडके खडकाळ उतारांवरून ओढून ट्रकच्या रस्त्यापर्यंत आणायचे, हे बापूजींचं काम. त्यांची कबऱ्या आणि लाख्या ही बैलजोडी होती आणि मी होते.

ओंडका नुसता ओढला तर त्याचं तोंड दगडाला, बुंध्याला अडतं आणि जमिनीत रुततं. बापूजींची युक्ती अशी की ते मला आखूड धरत आणि वर, थेट बैलांच्या जुवाला बांधत. मग ओढ वरच्या बाजूला बसे, ओंडक्याचं नाक वीतभर उचललं जाई आणि तो दगडांवरून सुरसुरत येई. "नाक उचललं का लाकूड हलकं होते," असं ते सगळ्यांना सांगत. दहा गावचे गाडीवान त्यांच्याकडून हे शिकून गेले. बापूजी माझ्या शेजारून चालत, एक हात माझ्या अंगावर ठेवून. मी किती ताणली गेले आहे ते त्यांना तळहाताला कळे. पुढे जंगू असे. जंगू जवळच्या गोंड वस्तीतला. लहानपणापासून लाकूडतोडीत वाढलेला. तो पुढून वाट दाखवी आणि लांब हाक देई, त्या हाकेवर बैल पाऊल टाकत. असं आमचं दहा वर्षं सुखात चाललं. दर दसऱ्याला बापूजी मला धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहत. मी थोडी चढून गेले होते, हे कबूल करते.

अठ्ठ्याहत्तर साली कबऱ्या म्हातारा झाला आणि घरात एक छोटा लाल ट्रॅक्टर आला. बापूजींचा भाचा चंद्रभान याने तो हिंगणघाटहून जुनाच घेतला होता. चंद्रभानचे वडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून तो आणि त्याची आई आनंदाबाई बापूजींच्याच घरी राहत. चंद्रभानला पोटच्या मुलासारखं वाढवलं ते बापूजींनी, त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. आल्या दिवशी आनंदाबाईने ट्रॅक्टरला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मला राग आला. पण दुसऱ्याच दिवशी चंद्रभान मला खांद्यावर टाकून घेऊन गेला, आणि माझा राग गेला.

कूपात पहिल्याच ओंडक्याला प्रश्न पडला, मला बांधायचं कुठे. ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला, मोठ्या चाकांच्या मधोमध, जमिनीपासून हातभर उंचीवर एक लोखंडी दांडा होता. आणि त्याच्या बऱ्याच वर, बसायच्या जागेच्या पाठीमागे, एक जाड खीळ होती.

चंद्रभान म्हणाला, "मामाजी, हा खालचा दांडा ओढासाठीच दिला असंन. याले बांधू काय?"

"थो ट्रालीचा हाये," बापूजी म्हणाले. "ट्रालीले चाकं असते. ओंडक्याले हायेत काय? वर्त बांध. नाक उचललं पाह्यजे."

"बरं जी," चंद्रभान म्हणाला. लाकडाच्या बाबतीत मामाजींच्या शब्दापुढे शब्द नव्हता. मलाही ते पटलं. मीसुद्धा जन्मभर वरच बांधली गेले होते.

सपाटीवरचे लहान ओंडके आरामात आले. एक अडचण तेवढी झाली, ट्रॅक्टरच्या आवाजात जंगूची हाक बुडाली. मग तो समोर उभा राहून हातवारे करू लागला. बापूजी पूर्वीसारखेच माझ्या शेजारून चालत, तळहात माझ्यावर ठेवून.

त्या मार्गशीर्षात एक जाडजूड ऐन चढावर पडला होता. मी त्याच्या तोंडाला आवळली गेले आणि दुसरं टोक वरच्या खिळीला. ओंडक्यापुढे एक खडक होता, गवतात लपलेला. चंद्रभानने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. ओंडका खडकाला अडला. मी ताणली गेले, आणखी ताणली गेले, आणि मग मला जे कधी जाणवलं नव्हतं ते जाणवलं. वरचं टोक पुढे जाईना, ते मागे यायला लागलं.

मुलांनो, हे नीट समजून घ्या. बैल चार पायांवर उभा असतो. ओढ झेपेनाशी झाली की तो मान खाली घालतो आणि थांबतो. ट्रॅक्टरला थांबणं कळत नाही. ओझं हलत नसेल आणि साखळी वर बांधलेली असेल, तर मोठी चाकं जागेवर रुततात आणि बाकीचा ट्रॅक्टर त्यांच्याभोवती वर उठतो, पुढचं तोंड आभाळाकडे करून. तो पुरता उलटला तर चालवणारा खाली सापडतो. हे सगळं घडायला एक ते दोन श्वासांचा वेळ लागतो.

त्या एका श्वासात माझी मधली एक कडी सांध्यावर उघडली आणि मी तुटले. ट्रॅक्टर धाडकन चार चाकांवर आला. चंद्रभान सीटवरून बाजूच्या झुडपात फेकला गेला, त्याला खरचटलं तेवढंच. पण माझं तुटलेलं टोक सापासारखं मागे आलं आणि बापूजींच्या नडगीवर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ज्या माणसाने मला दहा वर्षं तेल लावलं त्याच माणसाचा पाय मी मोडला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

बापूजींना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घालून ते महिन्याने घरी आले. तोवर गावात एकच बोललं जात होतं, की साखळी तुटली, तुटल्याचा हिसका बसला आणि ट्रॅक्टर उसळला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बापूजीही तेच सांगत. "दगा देला साखळीनं. हिरालालनं सांधा कच्चा ठेवला." दहा गावांत हे पोचलं. लोक हिरालालकडे कामं टाकेनासे झाले. ज्या बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा त्याने बसवल्या होत्या त्याही लोक तपासून पाहू लागले.

एके दुपारी हिरालाल स्वतः आला. एसटीने आर्वीपर्यंत आणि पुढे पायी. त्याने माझी उघडलेली कडी हातात घेतली, अंगठा फिरवला, उजेडाकडे धरली. मग म्हणाला, "बापूजी, सांधा कच्चा असता त पहिल्या वर्षीच तुटला असता."

बापूजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हिरालाल चहा न घेता उठला. मला खाटेखाली सारून दिलं होतं, तिथून मला त्याच्या धुळीने भरलेल्या वहाणा जाताना दिसल्या. खरं काय ते मला माहीत होतं. सांगणार कशी?

दरम्यान चंद्रभानने हिंगणघाटहून पोलादी तारेचा दोर आणला. अंगठ्याएवढा जाड. "हा तुटत नाई," असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. कूपातले मोठे ओंडके उद्यापासून काढायचे ठरले. त्या संध्याकाळी जंगू घरी आला आणि खाटेपासून जरा लांब, उंबऱ्याजवळ बसला. 

"बापूजी, एक गोष्ट सांगाची होती जी. राग नका मानू."

"सांग ना गा."

"उद्या चंद्रभान थो तार घेऊन जाऊन राह्यला. वर्तच बांधन थो. मले भेव वाटून राह्यलं."

"तार तुटत नाई जंगू. भेव कायचं?"

"तुटत नाई, त्याचंच," जंगू म्हणाला. "तुमी म्हणता साखळी तुटली अन मंग ट्रॅक्टर उसळला. तसं नाई झालं जी. मी समोर उभा होतो. चाकं पहिले उचलली. माह्या छातीइतकी आलती वर, मले चाकाच्या खालून चंद्रभानचा चेहरा दिसला. साखळी मंग तुटली. तुटली म्हणून चाकं खाली आली."

बापूजी कोपरावर भार देऊन अर्धे उठले. मग हळूच म्हणाले, "हे तू इतके दिवस काऊन नाई बोलला?"

"तुमच्या तोंडावर कसा बोलू जी? लाकडाचं काम मी तुमच्यापासूनच शिकलो. अन मले कोणं इचारलं नाई."

जंगू गेला. बापूजींनी खाटेखाली हात घालून मला वर ओढलं. उघडलेल्या कडीवर त्यांचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत होता. त्यांना कळलं होतं, हे मला त्या अंगठ्यावरूनच समजलं. दारात आनंदाबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, एकच लेकरू हाये मले," आणि चुलीकडे गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग बापूजींनी लगेच सगळं सांगून टाकलं असेल. नाही, मित्रांनो. माणूस इतका सरळ नसतो, चांगला माणूससुद्धा. ज्या युक्तीसाठी दहा गावं त्यांना मानत होती, त्याच युक्तीने त्यांच्या भाच्याचा जीव जाणार होता, हे स्वतःच्या तोंडाने कसं म्हणायचं? आणि हिरालाल आला तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, त्याचं काय? चंद्रभान जेवायला बसला तेव्हा त्यांनी वाट काढली.

"उद्या तार खाली बांधजो. दांड्याले."

"काऊन मामाजी?"

"दव पडून राह्यलं. जमीन ओली राहीन. वर्त बांधलं का चाकं घसरते."

चंद्रभानने घास गिळला. "म्हणजे ऊन चढलं, जमीन सुकली, का मंग वर बांधू."

बापूजींनी नुसतं पांघरूण वर ओढलं. चंद्रभानने ते हो समजून घेतलं.

सकाळी ट्रॅक्टर गेला. बापूजी अंगणात खाटेवर बसून होते. ऊन आधी छपरावर आलं, मग भिंतीवरून उतरत अंगणात आलं. ते त्या उन्हाकडे असे पाहत होते की जणू कुणी दारात येऊन उभं आहे. खाटेजवळची माती सुकून पांढरी झाली तेव्हा त्यांनी हाक मारली. "आनंदा, गाडी जुंपाले लाव. मले कूपात नेऊन टाका."

"या पायानं?"

"या पायानंच."

शेजारच्या कवडूने गाडी जुंपली. चौघांनी बापूजींना उचलून गाडीत ठेवलं. त्यांनी मलाही गाडीत आपल्या शेजारी टाकायला लावलं. वाटेत गाडी दगडावर चढली की त्यांचा चेहरा पांढरा पडे, पण कवडूने बैल आवरले की ते म्हणत, "हाक. हाक तू."

आम्ही चढाशी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर सुरू होता. तोच ऐन, तोच खडक. तारेचं टोक वरच्या खिळीला पक्कं बसवलेलं. समोर जंगू उभा होता, दोन्ही हात छातीशी बांधून. तो इशारा देत नव्हता, आणि चंद्रभान वैतागून त्याला हात हलवून विचारत होता की काय झालं. बापूजींनी हाक मारली. ट्रॅक्टरच्या आवाजात ती त्यांच्या ओठांपुढे गेली नाही. चंद्रभानचा हात गिअरवर गेला.

तेव्हा बापूजींनी मला उचललं आणि गाडीच्या लोखंडी धावेवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. हिरालालच्या हातचं लोखंड होतं ते. आवाज टेकडीवर जाऊन परत आला. चंद्रभानने मागे वळून पाहिलं आणि ट्रॅक्टर बंद केला.

सगळे मजूर गोळा झाले. बापूजी गाडीत पाय लांब करून बसले होते. घामाने सदरा भिजला होता.

"तार सोड," ते म्हणाले. "खाली बांध. ओलं असो का सुकं, उन्हाळा असो का पावसाळा, खालीच बांधजो. काल मी तुले दवाची गोष्ट सांगतली, थे खोटं होतं."

"मामाजी?"

"साखळीनं दगा नाई देला. चुकी माही होती. बैलाची गोष्ट मी ट्रॅक्टरले लावली. साखळी तुटली म्हणून तू जिता हायेस. हे जंगूनं पाह्यलं अन मले सांगतलं. जंगूचं बरोबर हाये." मग ते सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "माह्याकडून जे जे शिकून गेले, त्याइले सांगजा. आजच सांगजा."

 चंद्रभान खाली उतरला, तार सोडली आणि दांड्याला बांधली.  ओंडक्याचं नाक उचलायचा प्रश्न उरलाच होता. तो जंगूने सोडवला. त्याने फांदीची दोन वाकडी लाकडं तासून, आडव्या पट्ट्या ठोकून बिनचाकाची एक गाडी केली आणि पहारीने ओंडक्याचं तोंड तिच्यावर चढवलं. खडक खणून काढला. तारेवर ओलं पोतं टाकलं, म्हणजे तुटलीच तर उसळणार नाही. तारेच्या लांबीच्या दुप्पट अंतराच्या आत कुणी उभं राहायचं नाही असं ठरलं. चंद्रभानने क्लच इतका हळू सोडला की ओंडका कधी हलला ते कळलंच नाही. बापूजी सारा वेळ फक्त पुढच्या दोन चाकांकडे पाहत होते. चाकं जमिनीवर होती. रस्त्यापर्यंत ती जमिनीवरच राहिली.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात बापूजी काठी टेकत पुलगावला गेले. एसटीत मी त्यांच्या मांडीवर होते. भट्टीसमोर भर बाजारात उभं राहून त्यांनी हिरालालला तेच सांगितलं जे कूपात सांगितलं होतं, आणि आवाज खाली केला नाही. हिरालालने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बसा, बापूजी. चहा घेऊ," आणि बायकोला भाता ओढायला सांगितलं. माझी कडी त्याने त्याच दिवशी जोडली.

पुढे मी आणखी सात-आठ वर्षं काम केलं, दरवेळी खालच्या दांड्याला बांधून. मग तोड कमी झाली, मोठे ट्रॅक्टर आले आणि माझी जागा या मेढीवर ठरली. बापूजी अजून आहेत. तुम्ही त्यांना लंगडे आजोबा म्हणता. पंचक्रोशीत कुणी नवा ट्रॅक्टर घेतला की ते काठी टेकत त्याच्या दारात जातात आणि ज्याला ओळखतही नाहीत अशा माणसासमोर पहिलं वाक्य तेच म्हणतात, "चुकी माही होती." काही जण हसतात. पण खाली बांधतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू तुमच्या हातात मोडली तर तिला नावं ठेवण्याआधी ती कुठे आणि कशी बांधली होती ते पाहा. तिथे समोर कोण उभा होता, त्याला विचारा, तो मजूर असला तरी. आणि तुमचीच चूक निघाली तर दवाची गोष्ट सांगू नका. ऊन चढायला वेळ लागत नाही.